बत्तीस केबीचं कार्ड

तपासणीच्या प्रोग्रामने त्या कार्डासमोर लाल अक्षरांत 'सस्पेक्टेड टॅम्परिंग' असं दाखवलं, तेव्हा खोलीत मी आणि सुपरवायझर दोघंच होतो. त्यांनी विचारलं, "म्हणजे काय?" मी म्हणाले, "छेडछाडीचा संशय." तेवढंच भाषांतर करून मी गप्प बसले. इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलीकडून दूध संघाला तेवढंच हवं होतं आणि मीही तेवढंच दिलं. 'हा प्रोग्राम कशावरून म्हणतो ते आधी बघू' एवढं एक वाक्य पुढे जोडलं असतं, तर एका गावाचं दूध अकरा दिवस घरोघर नासलं नसतं. त्याचा राग मला अजून येतो. आधी प्रोग्रामचा, मग सुपरवायझरांचा, आणि मग फिरून माझा स्वतःचा.

आमचा संघ लहान होता. केज तालुक्यातल्या काही गावांमध्ये त्याची संकलन केंद्रं होती. प्रत्येक केंद्रावर एक वजनकाटा, एक फॅट मोजायचं मशीन आणि या दोन्हींना जोडलेला एक छोटा डबा. कुणाचं दूध किती आलं, फॅट किती लागली, हे त्या डब्यातल्या मेमरी कार्डावर लिहिलं जायचं. सकाळच्या दुधाची एक फाइल, संध्याकाळच्या दुधाची एक. दर शनिवारी दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर कॅन भरता भरता ती कार्डंही गोळा करून आणायचा, तंबाखूच्या रिकाम्या डब्यांमध्ये घालून. प्रत्येक डबीवर गावाच्या नावाची चिठ्ठी. कार्डांना तंबाखूचा वास यायचा. मी एकेक कार्ड कॉम्प्युटरला लावायचे, पुण्याच्या एका कंपनीने बनवून दिलेला तपासणीचा प्रोग्राम चालवायचे, आणि तो प्रत्येक गावापुढे हिरवं किंवा लाल दाखवायचा. माझी नोकरी ती एवढीच. कुणाशी बोलावं लागत नाही म्हणून मला ती आवडायची.

दुष्काळाचं ते सलग दुसरं वर्ष. विहिरी केव्हाच तळाला गेल्या होत्या, बोअर सुरू केला की आधी हवा यायची आणि मग गाळ. दसरा झाला तशी ऊसतोडीची माणसं ट्रकात बसून कारखान्यांकडे निघाली. त्या वर्षी एरवी न जाणारी घरंही निघाली. मागे कोण राहिलं, तर ज्यांच्या दावणीला एखादी दुभती म्हैस किंवा गाय होती आणि जनावरांच्या छावणीतून जिच्यापुरता चारा मिळत होता, ती घरं. दूध थोडंच असायचं, कुणाचं तीन लिटर, कुणाचं दोन. पण रोज असायचं, आणि ते घ्यायला रोज गाडी यायची. गाडी येते म्हणून बाई घरी राहायची आणि बाई घरी राहते म्हणून पोरं शाळेत राहायची. केंद्र बंद झालं की त्या घरापुढे कोयत्याशिवाय काही उरत नव्हतं. हे मला तेव्हा कुणी सांगायची गरज नव्हती. संघात काम करणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं, सुपरवायझरांनाही.

तरीही त्यांनी रविवारी सकाळी त्या गावात जाऊन डबा आणि काटा उचलून आणला. दूध घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बायांसमोर त्यांनी सांगितलं की केंद्रचालक बाईंच्या कार्डात लपवलेली माहिती सापडली आहे, चौकशी होईपर्यंत केंद्र बंद. त्या भागात एका खासगी डेअरीचा टेम्पो फिरायला लागला होता. बाई आपल्याच काट्यावर त्या डेअरीचं दूध घेतात आणि त्याची नोंद लपवतात, असं सुपरवायझरांनी मनाशी ठरवून टाकलं. ठरवायला त्यांना फार वेळ लागला नाही. वर्षाच्या सभेत याच बाईंनी उभं राहून विचारलं होतं की प्यायला पाणी नाही तिथे संघाचे कॅन आम्ही कशानं धुवायचे, संघ पाणी पाठवणार आहे का. सभा हसली होती आणि सुपरवायझरांचं तोंड उतरलं होतं. मी तेव्हा मागे बसून सभेचं इतिवृत्त लिहीत होते, मला ते तोंड आठवतं.

मंगळवारी बाई संघात आल्या. पंचेचाळिशीच्या, उंच, पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला. मी त्यांना काकू म्हणायचे, तेही क्वचित, कारण आमचं बोलणंच क्वचित व्हायचं. त्या थेट सुपरवायझरांच्या टेबलापाशी गेल्या.

"साहेब, मपला डबा कावून उचलून आणला?"

"तुमच्या कार्डात लपवाछपवी निघाली मावशी. मशीननं धरलंय, मी न्हाई."

"मशीननं? मशीन तर रोज मीच पुसते. तिला माझ्यावर कशाचा राग हाय?"

"खासगीवाल्याचं दूध घेता का न्हाई तुमी?"

"घेतलं असतं तर तुमच्या तोंडावर सांगितलं असतं. तुमाला भेती व्हय म्या? भर सभेत पानी मागितलं तवा भेले व्हते का?"

"ते पानी काढू नका आता मधी."

"पानी कुठून काढू साहेब, हायेच कुठं."

कुणीतरी खिडकीपाशी हसलं. सुपरवायझर हसले नाहीत. बाई माझ्याकडे वळल्या.

"तूच बघतीस ना गं पोरी कार्ड? तुला काय दिसलं?"

मी कीबोर्डकडे बघत म्हणाले, "लाल आलं."

"लाल म्हंजे?"

मला इंग्रजीत निबंध लिहिता येत होते, वर्गात पहिलं बक्षीसही मिळालं होतं, पण चार माणसांत मराठीत एक सरळ उत्तर देताना मला शब्द सापडत नसत. "बघते मी," एवढं कसंबसं म्हणाले. बाई बाहेर गेल्या.

त्या जिना उतरत असताना मला एक प्रश्न सुचला आणि मी मागोमाग गेले. खाली पाण्याचा ड्रम होता, तिथे त्या ओंजळभर पाणी तोंडावर मारत होत्या.

"काकू, हे कार्ड संघानंच दिलेलं आहे ना?"

"न्हाई. संघाचं बंद पडलं. मागितलं तर म्हनले पुढल्या महिन्यात देऊ. दूध थांबतं व्हय पुढल्या महिन्यापतूर? मागल्या आठवड्यात नांदूरघाटला बाजाराला गेलते, तिथल्या मोबाइलवाल्याकडून घेतलं. म्हनलं, दुधाच्या मशीनला पायजे, साफ करून दे. त्यानं दिलं करून. तवापासून चांगलं चाललं की. का गं?"

"काही नाही, बघते," मी परत म्हणाले. पण या वेळी मी खरंच बघितलं.

वर येऊन मी प्रोग्रामचा अहवाल पूर्ण उघडला. लाल ओळीच्या खाली बारीक अक्षरांत कारण लिहिलेलं होतं, ते आजवर कुणी वाचलं नव्हतं. मीसुद्धा. कार्डावर जितक्या फाइली होत्या, त्यांना जेवढी जागा लागायला हवी होती, तिच्यापेक्षा कितीतरी जास्त जागा भरलेली दिसत होती. जास्तीच्या जागेत काहीतरी लपवलं असणार, असा प्रोग्रामचा तर्क. मी दोन्ही आकडे कागदावर मांडून भागले. उत्तर जवळजवळ आठ आलं. चोरी करणारं माणूस इतक्या नेमकेपणाने आठपट चोरी करत नाही.

इथे थोडं सांगायला हवं. कार्डावरची जागा सारख्या आकाराच्या कप्प्यांत वाटलेली असते. फाइल केवढीशी का असेना, तिला निदान एक अख्खा कप्पा मिळतो, आणि उरलेली जागा तशीच रिकामी पडून राहते. कप्पा केवढा हे कार्ड पहिल्यांदा साफ करून तयार करताना ठरतं. संघाच्या सगळ्या कार्डांचा कप्पा चार केबीचा, म्हणजे चार किलोबाइटचा होता. आमच्या दुधाच्या फाइली एवढ्या लहान की प्रत्येकीला एक कप्पा पुरायचा. काकूंच्या कार्डाचा कप्पा बत्तीस केबीचा निघाला. तेवढीच फाइल, तेवढंच दूध, फक्त कप्पा आठपट मोठा. प्रोग्रामला हे माहीत नव्हतं, कारण त्याने विचारलंच नव्हतं. जगातलं प्रत्येक कार्ड चार केबीचंच असतं असं धरून तो बनवलेला होता.

दुसऱ्या दिवशी मी गाडीबरोबर नांदूरघाटला गेले. एसटी थांब्याजवळ ते दुकान सापडलं. दुकानदार माणूस चांगला होता, मी विचारलेलं त्याला लगेच समजलं.

"सगळी कार्डं मी बत्तीसवरच करतो मॅडम. आमचं गिऱ्हाईक कोण? ऊसतोडीला जानारी मानसं. सहा महिने फडावर राहायचं, तर कार्ड भरून नेत्यात. पिक्चर, गानी, कीर्तनं. मोठ्या फाइली असत्यात, कप्पा मोठा ठेवला की भरायला लौकर होतं. ट्रक भाईर उभा असतो, ड्रायव्हर हॉर्न मारीत असतो. दुधाच्या बाईला येगळं करून द्यावं हे माझ्या डोक्यातच आलं न्हाई."

"तुमचं काही चुकलं नाही," मी म्हणाले. "कार्ड बरोबरच आहे."

"मग अडचन काय?"

मला त्याचं उत्तर देताना लाज वाटली. अडचण एवढीच की केंद्रात, दुकानात आणि फडावर ज्याची काही अडचण नव्हती, ते पुण्यातल्या एका प्रोग्रामला पसंत पडलं नव्हतं.

मी त्या कंपनीला फोन केला. फोनवरच्या गृहस्थांनी इंग्रजीतच सुरुवात केली आणि तिथे मात्र मला भराभर बोलता आलं. त्यांचं म्हणणं, प्रोग्राम ठरलेल्या कार्डांसाठी आहे, वेगळं कार्ड वापरलं तर ती वापरणाऱ्याची चूक. मी विचारलं, मग तुमचा प्रोग्राम 'हे कार्ड मला ओळखता येत नाही' असं का म्हणत नाही? 'छेडछाड' असं का म्हणतो? ते म्हणाले, मुद्दा चांगला आहे, मेल करा. मी मेल केला. त्याचं उत्तर आलं नाही. आपलं अज्ञान समोरच्याच्या गुन्ह्यासारखं छापायचं, आणि चांगला मुद्दा आहे म्हणून फोन ठेवायचा.

प्रोग्राम उघडून बघता येत होता, एवढी त्यातल्या त्यात बरी गोष्ट. मी कॉलेजात शिकलेलं थोडंफार आठवत तो वाचायला बसले. बदलायचं काम मला आधी एका ओळीचं वाटलं होतं. चार केबी म्हणजे ४०९६ बाइट, तो आकडा शोधायचा आणि त्या जागी कार्डाचा खरा आकडा घालायचा. पण तो आकडा एका जागी नव्हता. कुठे ४०९६ असा सरळ लिहिलेला, तर कुठे नुसता आठ, कारण पाचशे बारा बाइटचे आठ तुकडे म्हणजे चार केबी. आठ हा आकडा प्रोग्राममध्ये दहा कामांसाठी येतो, त्यातला कुठला कप्प्याचा आणि कुठला दुसऱ्या कशाचा, हे प्रत्येक ओळ वाचूनच कळायचं. सगळ्यात संताप आला तो शेवटी. प्रोग्रामसोबत काही चाचण्या होत्या, तो बरोबर चालतो का हे तपासणाऱ्या. त्या चाचण्यांची अपेक्षित उत्तरं एका फाइलमध्ये आधीच लिहून ठेवली होती, इतकी फाइल, इतकी जागा, सगळं चार केबीच्या हिशेबाने. म्हणजे प्रोग्राम तपासणारंसुद्धा त्याच समजुतीवर उभं. बरोबर उत्तर दिलं तरी तिथे नापास व्हायचं.

मी ते सगळं बदलायला घेतलं. कप्पा केवढा हे कार्डाच्या अगदी सुरुवातीलाच लिहिलेलं असतं, ते आधी वाचायचं. मग बाइट मोजत बसायचं नाही, कप्पे मोजायचे. अपेक्षित उत्तरं आयती ठेवायची नाहीत, त्या कार्डाच्या कप्प्यावरून काढायची. आणि माझं बरोबर आहे की नाही हे कळायला मी पाच कार्डं घेतली, चार, आठ, सोळा, बत्तीस आणि चौसष्ट केबीच्या कप्प्यांची. पाचांवर एकाच गावाचं तेच दूध भरलं. माझ्या हिशेबाने पाचही हिरवी यायला हवी होती. चारचं हिरवं आलं, आठचं आलं, पुढची तिन्ही लाल. दोन दिवस मला कळेना. मग ध्यानात आलं, फाइलींच्या यादीलाही कार्डावर जागा लागते. लहान कप्प्यांत ती यादी तीन-चार कप्पे खाते, मोठ्या कप्प्यात एकातच मावते. मीही यादीचे कप्पे चारच्या हिशेबानेच धरले होते, थोडा इकडेतिकडे फरक चालेल अशी सूट ठेवली होती, म्हणून आठचं तेवढं सुटलं होतं. ज्या चुकीसाठी मी पुण्याच्या माणसाला मनात इतकं बोलले, तीच मी केली होती, फक्त जरा लहान. ती सुधारली आणि पाचही कार्डं हिरवी झाली.

पण यात एक गोष्ट मी लपवते आहे असं वाटू नये, म्हणून सांगते. लाल येण्याचं कारण मला पहिल्या मंगळवारीच कळलं होतं. त्याच दुपारी सुपरवायझरांना कागद दाखवून 'आठपट बघा' म्हणता आलं असतं. मी म्हणाले नाही. मला वाटलं, अर्धं सांगितलं तर ते हसतील, पूर्ण करून दाखवू. ते अर्धं खरं. उरलेलं हे की मला त्यांच्या टेबलापर्यंत चालत जायची भीती वाटत होती. नंतरच्या सोमवारी त्या गावातून ट्रक निघाला, तोपर्यंत मी माझी पाच कार्डं हिरवी करत बसले होते. त्या ट्रकात जी दोन घरं गेली, ती दुधाची गाडी येत होती म्हणून मागे राहिली होती. म्हशी विकून गेली. हे मला ड्रायव्हरकाकांनी दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सांगितलं, कॅन उतरवताना, मुद्दाम नव्हे, सहज. त्यानंतर मी सुपरवायझरांना म्हणाले की उद्याच्या बैठकीत मला दहा मिनिटं पाहिजेत. ते म्हणाले, "तुला?"

बुधवारी संचालकांची बैठक होती. चेअरमन म्हणजे त्या भागातले मोठे बागायतदार, दोन निवडणुका जिंकलेले. बोलायला गोड. त्यांच्या गावचं केंद्र त्यांचे धाकटे भाऊ चालवतात आणि त्यांचं कार्ड कधी लाल आलेलं नव्हतं. मी काही न बोलता त्यांच्या गावचं त्या आठवड्याचं दूध एका बत्तीसच्या कार्डावर भरून आणलं होतं. जुना प्रोग्राम सुरू केला, कार्ड लावलं. लाल आलं.

"हे कुठलं गाव?" चेअरमननी विचारलं.

"तुमचं," मी म्हणाले.

ते सुपरवायझरांकडे वळले. "काय बे, माझा भाऊ चोर हाय व्हय?"

"न्हाई साहेब, हे हिनं कायतरी केलंय."

"मी काहीच केलं नाही. दूध तेच आहे, फक्त कार्ड त्या बाईंच्या कार्डासारखं आहे," मी म्हणाले. "आणि हा बदललेला प्रोग्राम." तेच कार्ड नव्या प्रोग्रामवर लावलं. हिरवं. मग चेअरमनच्या गावचं खरं कार्ड. हिरवं. मग काकूंचं. हिरवं.

एक संचालक म्हणाले, "पोरी, आमाला समजंल असं सांग. हिरवं लाल राहू दे."

मी कप्प्यांचं सांगायला लागले आणि त्यांचे चेहरे बघून अडखळले. दारात ड्रायव्हरकाका सह्यांचं रजिस्टर घेऊन उभे होते. तेच बोलले.

"साहेब, मी रोज चाळीस लिटरचे कॅन भरून आनतो. भरून कसले, ह्या साली एकेका कॅनात तीन लिटर दूध असतं. पन गाडीत जागा कॅनचीच जाती का न्हाई? उद्या कुनी भाईरून नुसते कॅन मोजले आन म्हनलं, इतके कॅन हायेत मग बाकीचं दूध कुठं इकलं, तर मी चोर व्हतो का?"

मग चेअरमन म्हणाले, "लिहा, केंद्र उद्यापासून चालू."

ठराव मी टाइप करत होते. सुपरवायझर सांगत होते, "तांत्रिक अडचण दूर झाल्याने सदर केंद्र पूर्ववत सुरू करण्यात येत आहे." मी 'दूर झाल्याने' पाशी थांबले.

"पुढं?" ते म्हणाले.

"यात दोष कुणाचा होता ते येत नाही."

"कशाला यायला पाहिजे?"

"त्या रविवारी तुम्ही रांगेत सगळ्यांसमोर सांगितलं होतं की दोष बाईंचा आहे. मग कुणाचा नव्हता, तेही यायला पाहिजे."

"ही काय आता आपल्याला मराठी शिकवनार का," सुपरवायझर चेअरमनकडे बघून म्हणाले.

चेअरमन हसले. त्यांचं हसणं माझ्यासाठी नव्हतं, हे मला समजत होतं. त्यांना खासगी टेम्पो दिसत होता. गावाचं दूध एकदा तिकडे वळलं की परत येत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. "लिही बाई, काय लिहायचं ते," ते म्हणाले. "आन उद्या सकाळी तुमी दोघं जा. जे तिथं सांगून आलात ते तिथंच फिरवून या." मी लिहिलं की दोष संघाच्या तपासणी प्रोग्राममध्ये होता, केंद्रचालकांकडून कोणताही गैरप्रकार झालेला नाही, आणि संघाने खात्री न करता केंद्र बंद केलं. शेवटचं वाक्य चेअरमननी खोडायला लावलं. मी बाकीची दोन राखली. आज वाटतं, तिसऱ्यासाठीही अडून बसायला हवं होतं.

गुरुवारी सकाळी आम्ही गाडीतून त्या गावात गेलो. कॅन उतरवले, काटा आणि डबा परत जागेवर लावला. बाया दूध घेऊन आल्या होत्या, पण पहिल्याइतक्या नव्हत्या. काकू दारात हाताची घडी घालून उभ्या होत्या. त्यांनी डब्याला हात लावला नाही.

सुपरवायझरांनी कागद काढला आणि खाली बघून वाचला. दोष प्रोग्रामचा होता, बाईंकडून काही गैरप्रकार नाही. दोन वाक्यं, पहिल्याच दमात संपली. कागदाची घडी करून ते म्हणाले, "चला मावशी, करा चालू."

"मोठ्यानं वाचा," काकू म्हणाल्या. "त्या दिवशी वेशीपतूर आवाज गेलता तुमचा."

"वाचलं की."

"मागं ऐकू आलं न्हाई."

मागे दोन म्हाताऱ्या होत्या, त्यांनी माना हलवल्या. सुपरवायझरांनी घडी उलगडून परत वाचलं, या वेळी जरा मोठ्याने. काकूंनी पूर्ण ऐकून घेतलं. मग त्या माझ्याकडे आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तुला त्या मंगळवारीच कळलं व्हतं ना गं? ड्रमापाशी कार्डाचं इचारलंस, तवाच तोंडावर दिसलं तुझ्या." मी हो म्हणाले. त्यांनी पदर नीट ओढला. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

त्या काट्यापाशी बसल्या आणि नंबर पुकारायला लागल्या. त्यांच्याकडे प्रत्येक घराला नंबर होता. दूध ओतलं जात होतं, डबा आवाज करत होता. रांगेतली एक बाई, हातात स्टीलची किटली, सुपरवायझरांना म्हणाली, "साहेब, मपली जाऊ तुमचं आधीचं ऐकून ट्रकात बसली. म्हैस इकली, पोरीला शाळेतून काढून नेली. तिला आता कोन वाचून दाखवनार हे?"

सुपरवायझरांनी माझ्याकडे पाहिलं. मी संघातली शिकलेली मुलगी, बोलायला पुढे करायची सोय. खाली बघायची माझी सवय होती, पण या वेळी मी खाली पाहिलं नाही. मीही त्यांच्याकडे पाहत राहिले, आणि ती बाईही. उत्तर त्यांनीच द्यायला हवं होतं. त्यांनी कागद खिशात घातला आणि ते गाडीकडे चालू लागले.

"थांबा," ती बाई म्हणाली. "कारखान्याचं नाव सांगते. लिहून घ्या."

खिशात हात घालून ते जागीच उभे राहिले. मग त्यांनी पेन काढलं.